डबडं वाजवलं तर दाणे द्यावेत

मी, खाली सही करणारी, वय वर्षं अडुसष्ट, कत्तलखान्यातली निवृत्त कामगार आणि गेली सात वर्षं वाचलेल्या डुकरांचा सांभाळ करणारी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. बसून म्हणजे अधूनमधून. आयुष्य उभ्याने काम करण्यात गेलं, मला खुर्ची मानवत नाही. दर चार ओळींनी उठून मागच्या फाटकाची कडी बघून येते. कडी लागलेली असते. तरी जीव राहत नाही.

मी पूर्ण शुद्धीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला घरात दुसरं माणूस असतं तर हे लिहायची पाळीच आली नसती. उद्या मला दवाखान्यात भरती व्हायचंय, परवा हृदयाची झडप बदलणार आहेत. माणसांचे डॉक्टर म्हणाले, "आजी, घाबरू नका, आमचं हे रोजचं काम आहे." मी बावीस वर्षं रोजचं काम केलंय. रोजच्या कामात काय काय होतं, ते मला कोणी शिकवू नये.

वकीलबाईंनी नमुना देऊन ठेवलाय. तो बघून मी माझ्या शब्दांत लिहावं, त्या चार वाजता येऊन तपासतील, दोन साक्षीदारांसमोर सह्या होतील, असं ठरलंय. आत्ता पावणेदोन झालेत. बाकी सगळं मला पाठ आहे; फक्त एक जागा भरायची राहिली आहे. माझ्यानंतर नऊ डुकरांना कोण बघणार, त्याचं नाव. चारपर्यंत ते नाव मला सापडलं पाहिजे.

कलम १. शिवणयंत्र, लोखंडी कपाट, त्यातले कपडे, स्वयंपाकघरातली सगळी भांडी हे सुनेला द्यावं. मुलाने माझ्याशी बोलणं टाकलं त्याला सात वर्षं झाली, पण सुनेने येणं सोडलं नाही. दर रविवारी नातीला घेऊन येते. नवरा दोघींना फाटकाशी सोडतो, गाडीतून खाली उतरत नाही, आणि तासाभराने हॉर्न वाजवतो. हा हॉर्न ऐकला की माझ्या हातातलं काहीतरी सांडतंच. कपाटाचं दार घट्ट बसतं. खालून उचलून ओढावं लागतं, हे सुनेला माहीत आहे.

कलम २. अवजारं. ढकलगाडी, दोन फावडी, पाण्याचा लांब पाइप आणि खरखरीत ब्रश जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत, ते डुकरांचे आहेत. खुरं कापायची मोठी कात्री मी जनावरांच्या डॉक्टरांना देणार होते. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि डॉक्टर तर माझे पहिले साक्षीदार. म्हणून त्यांना काही नाही. डॉक्टर, वाईट वाटून घेऊ नका. कात्री तशीही तुम्हीच वापरता. मी नुसती पोट खाजवत बसते. पोट खाजवलं की दोन-अडीच क्विंटलचा जीव धपकन आडवा होतो आणि पाय तुमच्या हातात देतो.

माझे रबरी बूट भाजीवालीला द्यावेत. रोज संध्याकाळी उरलेली भाजी टोपलीत घालून ती फाटकाशी आणते आणि चिखलात चप्पल रुतली म्हणून मलाच चार शब्द सुनावते. बूट तिला एक नंबर मोठे होतील. तिने मोजे घालावेत.

कलम ३. डबडं.

हे कसलंही डबडं नव्हे. बिस्किटांचा जुना गोल पत्र्याचा डबा, झाकण एका बाजूला तारेने बांधलेलं, आत दोन-चार ओंजळी सुका मका. हे माझं नोकरीतलं हत्यार. ते कोणाला द्यायचं हे ठरवण्याआधी ते काय काम करायचं, ते लिहायला हवं. कधी कोणाला धड सांगितलेलं नाही.

डुक्कर मागून मारून पुढे जात नाही. उलट मागे रेटतं, आणि एकाने किंचाळायला सुरुवात केली की सगळा कळप बिथरतो. मी कामाला लागले तेव्हा कत्तलखान्याच्या अंगणात चार गडी काठ्या घेऊन ओरडत असायचे आणि तरी गाडं अडलेलं असायचं. मी हे डबडं घेऊन गेले. संध्याकाळी गाडी रिकामी झाली की डबडं वाजवायचं आणि दाणे द्यायचे. एकदा वाजवलं, दाणे मिळाले, बास. डुक्कर एका खेपेत शिकतं, आमच्या मॅनेजरपेक्षा लवकर. सकाळी मी डबडं वाजवत अरुंद गल्लीतून पुढे चालायची आणि सगळी माझ्यामागे, ना काठी ना आरडाओरडा. गल्लीच्या टोकाला डाव्या हाताला एक छोटं दार होतं, एका माणसापुरतं. मी डावीकडे वळून त्या दाराने बाहेर पडायची, दार मागे आपोआप लागायचं. ती सरळ पुढे जायची.

सकाळी दाणे द्यायचे नसत. पोट रिकामं हवं, असा नियम होता. म्हणजे संध्याकाळी मी खरं वाजवायची आणि सकाळी खोटं. बावीस वर्षं रोज सकाळी मी त्यांना फसवलं. लोक मला डबडेबाई म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता, हेही लिहून ठेवते. काम चोख केल्याबद्दल मला एक मनगटी घड्याळ मिळालं. ते कलम ५ मध्ये येईल.

(उठून आले. कडी लागलेली आहे. नऊ डुकरांतली हेडमास्तरीण फाटकाशी येऊन उभी होती, माझ्या हाताचा वास घेतला तिने. शाईचा वास आवडला नसावा.)

कलम ४. डुकरं माझ्याकडे कशी आली. हे कलम वकीलबाईंच्या नमुन्यात नाही, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझा मुलगा त्याच कत्तलखान्याची गाडी चालवायचा. मीच मॅनेजरच्या हातापाया पडून त्याला लावला होता. सात वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्याकडची मशीन बंद पडली, म्हणून आदल्या संध्याकाळी उतरवलेली डुकरं, ज्यांना मी माझ्या हाताने दाणे दिले होते, ती दुसऱ्या कत्तलखान्यात पाठवायचं ठरलं. मुलगा घेऊन निघाला. पुलाच्या वळणावर गाडी कलंडली. काही जागीच गेली, काही मक्याच्या शेतात घुसली. मॅनेजर मला घ्यायला आला, चपला घालायची उसंत दिली नाही. "डबडं घ्या, बाई, डबडं!"

मी शेताच्या बांधावर उभी राहून डबडं वाजवलं. पिकातून एकेक करून अकरा आली. अंग ओरबाडलेलं, कोणाचा कान फाटलेला, एक पाय ओढत होती. दुसरी गाडी येऊन उभी होती, मागची फळी खाली टाकलेली. फळीशी माझा मुलगा उभा होता. म्हणाला, "आई, इकडे. फळी इकडे आहे." मी डबडं वाजवत फळीपर्यंत गेले, आणि डावीकडे वळले.

वर्तमानपत्रात आलं की कत्तलखान्यातल्या बाईला दया आली. भाचीने ते कात्रण चौकटीत बसवून भिंतीला लावलंय. आज मृत्युपत्रात खोटं लिहिणार नाही. दया-बिया काही नव्हती. सवय होती. बावीस वर्षं शेवटाला पोचलं की डावीकडे वळायचं, तशी वळले. पण तिथे दार नव्हतं, भिंत नव्हती, मोकळा रस्ता होता. चार पावलं गेले आणि मागे खुरांचा आवाज आला. वळून पाहिलं तर अकराच्या अकरा माझ्यामागे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बाहेर पडले होते आणि ती माझ्याबरोबर बाहेर पडली होती.

तेव्हा थांबता आलं असतं. थांबले नाही. मॅनेजर ओरडत होता, मुलगा "आई, आई" करत होता, आणि मला एकच भीती होती, की हात थांबला तर डबडं थांबेल. तशीच चालत राहिले, अनवाणी, अडीच किलोमीटर, घरामागच्या, आमच्या ह्यांच्या रोपवाटिकेपर्यंत. हे गेल्यापासून तिथे नुसत्या रिकाम्या कुंड्या आणि गवत होतं. फाटक लावलं, झाकण उघडलं आणि होते नव्हते ते सगळे दाणे जमिनीवर ओतले. सकाळचे साडेदहा वाजले होते. सकाळी त्या डबड्याने दिलेले ते पहिले दाणे.

मॅनेजर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. जनावरांच्या डॉक्टरांनी कागद पुढे केला: जखमी जनावरं, लंगडतात, कत्तलीला अपात्र. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच कागद. नऊ आठवडे डॉक्टर अकराही डुकरं लंगडतात असं लिहून देत होते. प्रत्यक्षात लंगडी एकच होती. बाकीची तोपर्यंत फाटकाला धडका देत होती. दहाव्या आठवड्यात मॅनेजर यायचा बंद झाला. पुढे डॉक्टरांनीच खटपट करून रीतसर प्राणी आश्रयस्थान म्हणून नोंद करून घेतली आणि पाटी लागली. पाटीचा एक कोपरा पोस्टमनने खाल्लाय. पोस्टमन हे डुकराचं नाव आहे.

कलम ५. कामाबद्दल मिळालेलं मनगटी घड्याळ मॅनेजरला परत द्यावं. ते मी सात वर्षं घातलेलं नाही. त्याने माझ्या मुलाला त्याच दिवशी कामावरून काढलं, माझा राग मुलावर काढला, आणि ते मी मेल्यावरही विसरणार नाही. घड्याळ पोचवताना कोणी गोड बोलू नये.

कलम ६. डुकरं. अकरातली दोन म्हातारपणाच्या आधीच गेली, कडुनिंबाखाली पुरली आहेत. राहिली नऊ: हेडमास्तरीण, दोन जुळ्या, बुटका, पोस्टमन, लंगडी, घोरकी, भुंडा आणि कानतुटकी. साडेसात वर्षांची आहेत, नीट राहिली तर आणखी तेवढीच वर्षं काढतील. माझ्याबद्दल ती खात्री नाही.

वकीलबाई म्हणाल्या, डुकरांच्या नावे काही करता येत नाही, ती कायद्याने वस्तू आहेत. मी म्हटलं, मग मी त्यांना फसवत होते तेव्हा वस्तूंना फसवत होते का? वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही आधी पाणी प्या."

टेकडीपलीकडे मोठं आश्रयस्थान आहे. तिथे मी जाऊन आले. जागा स्वच्छ, माणसं भली, गवताच्या गाद्या माझ्या गादीपेक्षा बऱ्या. पण ते म्हणतात पाच घेऊ, नऊ नाही. मी घरी येऊन पाचांची यादी करायला बसले. तीन याद्या केल्या, तिन्ही फाडल्या. जुळ्या घेतल्या तर बुटका राहतो, आणि बुटका जुळ्यांच्या मधे शिरल्याशिवाय झोपत नाही. लंगडीला हेडमास्तरीण वाट करून देते. पाच जणांना गाडीत चढवायचं आणि चौघांना फाटकाशी उभं ठेवायचं, हे करायला पुन्हा डबडं कोण वाजवणार? मी नाही वाजवणार.

भाची हौशी आहे, फोनवर फोटो टाकते, चार लोक त्यामुळे पेंढा पाठवतात, तिचे उपकार आहेत. पण दोन वर्षांपूर्वी तिने फोटोसाठी सगळी एका ओळीत यावीत म्हणून डबडं वाजवलं. रिकामं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, दाणे संपले होते म्हणून आवाजासाठी तिने आत दोन खडे टाकले होते. सगळी धावत आली. उभी राहिली. काही मिळालं नाही. त्यानंतर अकरा दिवस हेडमास्तरीण डबड्याच्या आवाजाला आली नाही. बाकीची यायची, ती लांबून माझ्याकडे बघत राहायची. मी अंगणात बसून रडले, माणसांसाठी रडले नाही इतकी. भाचीला त्या दिवशी जे बोलले ते मागे घेते. कात्रणाची चौकट तिने न्यावी. डुकरं मात्र तिला नको.

डॉक्टर दोन खोल्यांत राहतात, चौथ्या मजल्यावर. भाजीवाली माझ्यापेक्षा वर्षाने मोठी. म्हणून:

सदर नऊ डुकरांचा सांभाळ, ती सर्व आपल्या मरणाने मरेपर्यंत, एकत्र, याच जागी करण्याची जबाबदारी मी ………………………………………… यांच्यावर सोपवते.

ही ओळ आत्तापुरती कोरी ठेवते. तीन वाजायला दहा मिनिटं आहेत.

कलम ७. रोपवाटिकेची जागा आणि बँकेतली सगळी शिल्लक नातीच्या नावे करावी. शेवटचं डुक्कर जिवंत असेपर्यंत जागा डुकरांनी वापरावी आणि शिल्लक त्यांच्या खाण्या-औषधावर खर्च करावी, तो खर्च डॉक्टरांनी बघावा. नंतर नातीने जागेचं काय करायचं ते करावं. ती अकरा वर्षांची आहे आणि तिला तिथे पोहण्याचा तलाव हवाय. चिखलाचा तर आधीच आहे.

कलम ८. राहतं घर. वकीलबाईंच्या नमुन्यात हे असं होतं आणि मी तसंच उतरवलं होतं: "राहतं घर माझ्या मुलास मिळावं, मात्र त्याने वर कलम ६ मध्ये नमूद केलेल्या डुकरांचा सांभाळ करण्याच्या अटीवर." वकीलबाई हुशार आहेत. म्हणाल्या, "आजी, डुकरं जाणणारा तुमच्या घरात दुसरा कोण आहे? पाच वर्षं गाडी चालवली त्याने. घराची अट घाला, नाही कशाला म्हणेल?"

खरंच आहे. डुकरं त्याला कळतात. लहानपणी माझ्या डब्यातली पोळी तो अंगणातल्या डुकरांना टाकायचा आणि माझी बोलणी खायचा. घरासाठी तो येईलही.

पण वरची ओळ मी आत्ता स्वतःच्या हाताने खोडली आहे आणि खोडल्याची सही बाजूला केली आहे. पुढे घर दाखवायचं, मागून डुकरं गळ्यात घालायची. हे मी ओळखते. हे मी बावीस वर्षं केलंय. पोटच्या मुलासमोर डबडं वाजवणार नाही.

राहतं घर माझ्या मुलास बिनशर्त मिळावं. त्याने राहावं, विकावं, पाडावं. मागच्या न्हाणीघराचा नळ गळतो.

कलम ९. हे कलम मुलासाठी. यात मालमत्ता काही नाही.

अरे, मला सहा वर्षं वाटत होतं की तू नोकरीवरून रुसलास. मी मनात म्हणायची, नोकरी काय, दुसरी मिळाली की, स्वतःचा टेम्पो घेतला की, एवढं काय नाक वर करून बसायचं. माझाही ताठा कमी नाही. मी म्हटलं, येईल तो. मागच्या वर्षी तुझी बायको भांडी पुसता पुसता बोलून गेली, "त्यांना नोकरीचं नाही हो एवढं लागलं. हात मोडला होता त्यांचा. छातीशी धरून उभे होते. तुम्ही डुकरांच्या अंगावरचे ओरखडे बघत बघत आलात आणि त्यांच्या समोरून निघून गेलात." चौकशीसाठी तुला संध्याकाळपर्यंत तिथेच बसवून ठेवलं आणि हाड वाकडं जुळलं, हेही तिनेच सांगितलं.

मी पाहिलं नाही रे. अकरा डुकरांच्या जखमा मी आजही सांगू शकते, कोणाच्या कुठल्या पायाला, कुठल्या कानाला. तुझा हात मला आठवतच नाही. कितीदा डोळे मिटून ती फळी आठवते, तू उभा असतोस, तोंड दिसतं, हात दिसत नाही. रविवारी तू गाडी थांबवतोस तेव्हा मी या खिडकीतून बघते. तुझा उजवा हात स्टिअरिंगमागे असतो. फोन उचलून विचारावं असं वर्षभर वाटतंय, पण सात वर्षांनी आई कुठल्या तोंडाने विचारते, "बाळा, लागलं का रे तुला?" विचारायला हवं होतं. त्याच दिवशी, त्याच फळीशी, डबडं थांबवून.

माझं चुकलं. डुकरं घेऊन गेले त्यात नाही. तुझ्यासमोर थांबले नाही त्यात.

साडेतीन झाले. कलम ६ मधली ओळ अजून कोरी आहे. फाटकाकडे जाऊन येते.

ताजा कलम. वकीलबाई म्हणाल्या की एवढी खाडाखोड झाली आहे तर पुढे काय घडलं तेही लिहा, नाहीतर कोणीतरी शंका काढेल. म्हणून लिहिते.

चार वाजता वकीलबाई, डॉक्टर आणि भाजीवाली आले. वकीलबाईंनी वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच पानावर कपाळाला हात लावला. "आजी, भाजीवालीला बूट दिलेत तुम्ही. ती साक्षीदार म्हणून बाद." डॉक्टरांची कात्री मी एवढी जपून काढून घेतली आणि बूट डोक्यातून साफ गेले. वकीलबाई म्हणाल्या, स्वतः तपासलेल्या मृत्युपत्रावर मी साक्षीदार होत नाही, बूट खोडा. भाजीवाली म्हणाली, "खोडून बघा. सात वर्षं चिखल तुडवलाय मी, बूट सोडणार नाही." तिने फडताळाखालचे बूट उचलून काखेत मारले सुद्धा. डॉक्टर हसत होते, वकीलबाई घड्याळ बघत होत्या, त्यांना साडेपाचला दुसरीकडे जायचं होतं. उद्या सकाळी माझी भरती.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. आज मंगळवार. मी म्हटलं, सून कशी आली? सून नव्हती. माझा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आत पाऊल टाकलं नाही. म्हणाला, "उद्या दवाखान्यात किती वाजता पोचायचंय? टेम्पोत मागे गादी टाकतो." सात वर्षांनी हे बोलला. मी म्हटलं, "आठला." तो म्हणाला, "मग सातला निघू." आणि जायला वळला.

भाजीवाली म्हणाली, "अरे थांब की, सहीला माणूस हवंय." वकीलबाई एकदम उभ्या राहिल्या. "नाही, नाही, तुम्ही नको! तुम्हाला घर मिळतंय यात. सही केलीत तर घर जाईल." तो म्हणाला, "कसलं घर?" आणि टेबलावरचे कागद उचलून उभ्या उभ्या वाचायला लागला. पहिल्यापासून. मला वाटलं, कोणी आधीच माझ्या हातातलं पेन काढून घेतलं असतं तर बरं झालं असतं. चहा टाकायला वळले आणि चहाचा डबा सापडेना. तो समोरच होता. वकीलबाईंनी दोनदा खोकून दाखवलं. कलम ८ शी तो थांबला, खोडलेली ओळ उजेडाकडे धरून वाचली. मग कलम ९. ते त्याने दोनदा वाचलं असावं, कारण पान बराच वेळ उलटलं नाही.

मग म्हणाला, "अट काढलीस ते बरं केलंस. अट असती तर हे इथेच फाडलं असतं." आणि वकीलबाईंना म्हणाला, "पेन द्या."

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला कळतंय का? घर, तुमच्या बायकोचं कपाट, शिवणयंत्र, काहीही मिळणार नाही. साक्षीदाराच्या बायकोलाही मिळत नाही."

"घर आहे मला. कपाटाचं दार बसतं घट्ट. पेन द्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती ओळ कोरी का ठेवलीय? माझं लिही."

मी वकीलबाईंकडे बघितलं. त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, साक्षीदाराला मालमत्ता देता येत नाही. जबाबदारी मालमत्तेत मोडत नाही. ती देता येते. डॉक्टर म्हणाले, "वा, काय कायदा आहे! मिळकत नको, ओझं चालेल." भाजीवालीने डोळे पुसले आणि बुटांवर पाणी पडलं म्हणून पुन्हा बूट पुसले.

त्यानुसार: कलम ६ मधली कोरी जागा माझ्या हाताने भरली आहे, तिथे "माझा मुलगा" असं लिहिलं आहे. कलम १ आणि ८ मधल्या वस्तू व घर आता नातीच्या नावे करावं. शिवणयंत्र ती आईला वापरू देईल, अशी आशा आहे.

कलम ३ मध्ये डबडं कोणाला द्यायचं ते लिहायचं राहिलं होतं. ते आता या मृत्युपत्रात येत नाही. ते मी आज, जिवंतपणी, सर्वांसमोर मुलाच्या हातात दिलं. त्याने वाजवून बघितलं नाही. झाकण उघडून आधी आत दाणे आहेत का ते पाहिलं. मग मागच्या दाराने एकटा गेला. आम्ही चौघं स्वयंपाकघरातच थांबलो. डबडं वाजलं. खुरं वाजली. थोडा वेळ काहीच नाही. मग खाण्याचा आवाज आला, नऊ तोंडांचा. तो मला डोळे मिटून मोजता येतो. हेडमास्तरीण होती.

एवढी एकच सूचना, जो कोणी पुढे हे डबडं हातात घेईल त्याला: वाजवलं तर दाणे द्यावेत. दर वेळी. नसतील तर वाजवू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, खोडून आणि पुन्हा लिहून कायम केला आहे.

स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, मंगळवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं

मृत्युपत्र करणारी: (सही) डबडेबाई

साक्षीदार १: (सही) जनावरांचे डॉक्टर. यांना काही मिळालेलं नाही.

साक्षीदार २: (सही) मुलगा. यालाही काही मिळालेलं नाही.

टीप: दुसऱ्या साक्षीदाराची सही वाकडी आहे म्हणून कोणी हरकत घेऊ नये. त्याचा उजवा हात कोपराखाली वळलेला आहे, मनगट पूर्ण फिरत नाही, पेन त्याला तिरकं धरावं लागतं. सही झाल्यावर मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेऊन नीट पाहिला आहे.